घरखर्चाची वही : टीव्हीची स्टिक स्वस्त घ्यावी की महाग?



मागच्या रविवारची गोष्ट. विहारातली बैठक आटोपून आम्ही घरी आलो आणि चहाचा कप हातात घेतला, तोच इंदोऱ्यातल्या एक ताई आपल्या मुलाला घेऊन दारात उभ्या. ताई एका शाळेत पोषण आहार शिजवतात. त्यांचे पती ऑटो चालवतात. मुलगा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असून संध्याकाळी घरोघरी सामान पोचवण्याचे काम करतो. धाकटी मुलगी बारावीला आहे, आणि घरात गुडघेदुखीने बसून असलेल्या आजी आहेत. अशा पाच माणसांच्या घरात एका वस्तूवरून आठ दिवस वाद चालू होता.

"भाऊ, हा पोरगा ऐकूनच नाही राहिला," ताई म्हणाल्या. "टीव्हीले लावाले पंधरा हजाराचा डबा घेतो म्हणते. मी म्हटलं, दोन-तीन हजाराची काडी भेटते ना बजारात. आता तुमीच हिशेब करून सांगा."

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. वस्तीतले लोक फॉर्म भरायला आणि हिशेब तपासायला आमच्याकडे येतात, त्याची आम्हाला सवय आहे. वही काढली. पण त्याआधीच मुलगा बोलला, "काका, पैसा माझ्या कमाईचा आहे. अकरा महिन्यांत नऊ हजार जमवले, बाकीचे हप्त्यानं देईन. आपण लोकांनी नेहमी स्वस्तातलंच काहून घ्यायचं? चांगलं सामान दुसऱ्याच्याच घरी पाहायचं का?"

या प्रश्नाला आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही, हे कबूल करतो. कारण हा प्रश्न आम्हालाही जुना आहे. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड सामना आपल्या नागपुरात व्हीसीएच्या मैदानावर झाला. चेतन शर्माने हॅट्ट्रिक घेतली आणि गावसकरने एकदिवसीय सामन्यातले आपले एकमेव शतक ठोकले. सामना आपल्याच गावात, पण आम्ही पोरे एका परक्या घराच्या खिडकीबाहेर टाचा उंच करून उभी होतो. मध्येच घरातल्या माणसाने उठून पडदा ओढला. तो पडदा आम्ही अजून विसरलो नाही. पुढे वडिलांनी जुना चौदा इंची काळा-पांढरा टीव्ही विकत आणला, त्या दिवशी आईने दार मुद्दाम सताड उघडे ठेवले होते. येईल त्याने बसावे, कोणाला बाहेर उभे राहावे लागू नये, एवढाच त्यातला हेतू. तेव्हा टीव्ही ही चैन आहे, गरिबाने तिचा विचार करू नये, असा उपदेश आम्ही कोणाला करणार नाही. पण मान आणि किंमत या दोन गोष्टी एकच आहेत का, हे मात्र वही उघडूनच पाहिले पाहिजे.

आधी वस्तू काय आहे ते समजून घेऊ. ज्या टीव्हीला स्वतःहून इंटरनेट चालत नाही, त्याच्या मागे लावायचे हे छोटे यंत्र. काही काडीसारखी असतात, त्यांना स्टिक म्हणतात. काही डब्यासारखी असतात. यंत्र घरच्या वायफायवरून चित्र घेते आणि टीव्हीवर दाखवते. त्यासाठी टीव्हीला एचडीएमआय नावाची चपटी खाच लागते. जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीला ती सहसा नसते, त्यांना लाल, पांढरी, पिवळी पिन लागते. म्हणून पहिले काम हे की टीव्ही भिंतीवरून सरकवून मागे पाहावे. दुसरे असे की टीव्ही आधीच 'स्मार्ट' असेल आणि नीट चालत असेल, तर यातले काहीच विकत घेण्याची गरज नाही. आम्ही दोन घरे अशी पाहिली की जिथे टीव्हीत सगळे असूनही वर स्टिक घेतली गेली, कारण रिमोटवरचे बटण कोणी दाबूनच पाहिले नव्हते.

ताईंचा टीव्ही २०१६ सालचा, बत्तीस इंची, साधा, पण एचडीएमआयच्या दोन खाचा असलेला. म्हणजे त्यांना यंत्र हवेच होते.

आता बाजारातल्या पायऱ्या पाहू. किमती बदलत असतात, म्हणून वस्तू आली त्या वर्षाची किंमत आम्ही देतो. गूगलचे क्रोमकास्ट भारतात २०१४ च्या डिसेंबरात २,९९९ रुपयांना आले. अॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक २०१७ मध्ये ३,९९९ रुपयांना आली. २०२० मध्ये शाओमीची मी टीव्ही स्टिक २,७९९ ला आणि फायर टीव्ही स्टिक लाइट २,९९९ ला मिळू लागली. ही झाली खालची पायरी. मधल्या पायरीवर फोर-के स्टिक. फायर टीव्हीची फोर-के स्टिक २०१८ मध्ये ५,९९९ ला आणि शाओमीची २०२३ मध्ये ४,९९९ ला आली. वरच्या पायरीवर अॅपल टीव्ही फोर-के. २०२२ चा त्याचा नवा डबा भारतात १४,९०० रुपयांपासून होता. मुलाच्या मनात बसला होता तो हाच.

जास्तीच्या पैशात काय मिळते? फुकट काही जात नाही, हे आधी सांगू. खालच्या स्टिकमध्ये साठवणीची जागा साधारण ८ जीबी आणि काम करण्याची मेमरी १ जीबी. आठ जीबीतली बरीच जागा यंत्राची स्वतःची व्यवस्थाच खाऊन टाकते. चार-सहा अॅप टाकले की यंत्र रेंगाळू लागते, बटण दाबले की दोन क्षणांनी हलते. महाग डब्यात जागा ६४ जीबी आणि मेंदू म्हणजे प्रोसेसर आयफोनच्या जातीचा, म्हणून तो झटपट चालतो. दुसरे म्हणजे टिकाऊपणा. अॅपलचा २०१५ चा डबा दहा वर्षांनी, २०२५ मध्येही नवी व्यवस्था स्वीकारत होता. स्वस्त यंत्रांचे नवे अपडेट त्या मानाने लवकर थांबतात. तिसरे, स्वस्त स्टिकच्या पहिल्याच पानावर जाहिराती येतात, महाग डब्यात तो त्रास कमी.

मुलाचे तोंड उजळले. "पाहा काका, मी हेच म्हणत होतो."

आम्ही म्हटले, "बाबू, अर्धीच वही झाली. दुसरे पान उलटू."

दुसरे पान डोळ्यांचे. बत्तीस इंची टीव्ही बहुधा 'एचडी रेडी' असतो. ताईंचाही तसाच निघाला. टीव्हीचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. एचडी रेडी पडद्यावर आडवे १,३६६ आणि उभे ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके. फोर-के चित्रात ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. साडेदहा लाख ठिपक्यांच्या पडद्यावर ८३ लाखांचे चित्र पाठवले तरी दिसणार साडेदहा लाखच. पायलीभर तांदूळ शेरभर मापात कसा मावणार? महाग डब्यातली सर्वात महाग गोष्ट या पडद्यावर दिसणारच नव्हती.

तिसरे पान इंटरनेटचे. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाइलचे दिवसाला २ जीबीचे पॅक हॉटस्पॉटने टीव्हीला जोडले, तर एचडी चित्र चाळीस मिनिटांत आणि फोर-के सतरा मिनिटांत संपते. फोर-के नीट दिसायला सेकंदाला १५ एमबीपीएसचा वेग लागतो, एचडीला ५ पुरतो. तेव्हा घरी ब्रॉडबँड नसेल तर आधी त्याचा विचार करावा, यंत्राचा नंतर. ताईंच्या घरी ब्रॉडबँड नव्हते.

आता खरे पान, पाच वर्षांच्या जमाखर्चाचे. वाचकांनी पेन्सिल घेऊन आपल्या घरचे आकडे घालून पाहावे.

स्वस्त स्टिक ४,००० धरली आणि महाग डबा १४,९०० धरला, तर फरक १०,९०० रुपयांचा. पाच वर्षांचे साठ महिने. महिन्याला फरक पडला सुमारे १८२ रुपयांचा. मुलाच्या बाजूने पाहता हा आकडा काही भयंकर नाही, आणि आम्ही ते त्याला सांगितलेही. पण पुढे पाहा. ब्रॉडबँड महिना ५०० धरले तर पाच वर्षांत ३०,०००. नेटफ्लिक्सने २०२१ च्या डिसेंबरात भारतातले दर उतरवले, तेव्हा टीव्हीवर चालणारी सर्वात लहान योजना १९९ ला आणि सर्वात मोठी, फोर-केची, ६४९ ला ठेवली. १९९ ची पाच वर्षे म्हणजे ११,९४०. ६४९ ची पाच वर्षे म्हणजे ३८,९४०. नुसत्या योजनेचा फरक २७,००० रुपये! अॅमेझॉन प्राइमची वर्षाची वर्गणी १,४९९ धरली तर पाच वर्षांत ७,४९५. जिओहॉटस्टार २०२५ च्या फेब्रुवारीत सुरू झाले तेव्हा त्याची मधली योजना वर्षाला ८९९ होती, तिचे पाच वर्षांत ४,४९५.

सगळे मिळून, लहान योजना आणि स्वस्त स्टिक घेतली तर ५७,९३० रुपये. त्यात स्टिकचे चार हजार म्हणजे शंभरातले जेमतेम सात रुपये. महाग डबा आणि त्याला शोभेल अशी फोर-केची योजना घेतली तर ९५,८३० रुपये.

ताई आकडा ऐकून गप्प झाल्या. त्यांनी आणि मुलाने आठ दिवस भांडण केले ते चार हजार की पंधरा हजार यावर, आणि वहीत निघाले साठ हजार की लाख! तात्पर्य हे की यंत्र एकदाच पैसे घेते, वर्गणी दर महिन्याला घेते. आणि महाग यंत्र घरात आले की मोठी योजना घ्यावीशी वाटते, मग मोठा टीव्हीही घ्यावासा वाटतो. लग्नातल्या महाग शालूला महाग चप्पल लागते, तसाच हा प्रकार.

यातून एक सोयीची गोष्टही निघते. नेटफ्लिक्सची १९९ ची योजना ७२० च्या चित्राची आहे. आपल्या बत्तीस इंची पडद्याला ती जवळजवळ बरोबर बसते. म्हणजे लहान योजना घेऊन आपण काही गमावत नाही. मात्र १४९ ची मोबाइल योजना टीव्हीवर चालत नाही, हे लक्षात ठेवावे. स्वस्त म्हणून तीच घेऊन फसलेली मंडळी आहेत.

आणि सगळ्या वर्गण्या एकाच वेळी कशाला? सूर्याचा 'जयभीम' २०२१ मध्ये प्राइम व्हिडिओवर आला. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आपल्या नागपूरच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांवरचा, विजय बारसे सरांच्या कामावरून घेतलेला. तो २०२२ मध्ये थिएटरनंतर झी-फाइव्हवर आला. एक चित्रपट एका दुकानात, दुसरा दुसऱ्या दुकानात. दोन्ही दुकानांना वर्षभर भाडे देण्यापेक्षा एक महिना एक घ्यावे, पाहायचे ते पाहून बंद करावे, पुढच्या सुटीत दुसरे घ्यावे. वर्षात चारच महिने १९९ ची योजना घेतली तर पाच वर्षांत ११,९४० च्या जागी ३,९८० रुपये होतात. एकच काळजी घ्यावी, 'आपोआप नूतनीकरण' आठवणीने बंद करावे. नाहीतर सुटी संपते आणि खात्यातून पैसे जातच राहतात.

शिवाय फुकट ते थोडे नाही. यूट्यूब आहेच. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्ह्ज' नावाचे अॅप सुरू केले, त्यात दूरदर्शनचे कार्यक्रम आहेत. आणि ज्या घरी इंटरनेटच परवडत नाही, त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश आहे. डिसेंबर २००४ मध्ये ती सुरू झाली तेव्हापासून तिला महिन्याचे भाडे नाही. छत्री आणि डबा एकदा बसवला की झाले. विद्यार्थ्यांसाठीच्या 'स्वयंप्रभा' वाहिन्या २०१७ पासून उपग्रहावरून दिसतात. तेव्हा स्टिक नाही म्हणजे घर मागासले, असे मुळीच नाही.

आता आमच्या स्वतःच्या फजितीबद्दल. हे सांगायला लाज वाटते, पण या वहीत आम्ही फक्त दुसऱ्यांच्याच चुका लिहू लागलो तर ती वही खोटी ठरेल. काही वर्षांपूर्वी बाजारात आम्हाला एक बिननावाचा काळा डबा मिळाला. "साहेब, सगळे चॅनल, सगळे पिक्चर, जिंदगीभर फ्री," असे विक्रेता म्हणाला. अठराशे रुपये दिले. बिल मागितले तर हसला. पहिला महिना मजेत गेला. मग चित्र अंधूक दिसू लागले, नको त्या जाहिराती मुलांसमोर येऊ लागल्या, घरचे इंटरनेट विनाकारण मंद झाले, आणि आठव्या महिन्यात, मे महिन्याच्या उन्हात, डबा बंदच पडला. बिल नाही, म्हणून तक्रार कोणाकडे करणार?

नंतर कळले की हे आमचे एकट्याचे नशीब नव्हते. चित्रपट कंपन्या स्वच्छ एचडी चित्र फक्त प्रमाणित यंत्रालाच देतात. त्यासाठी 'वाइडवाइन एल-वन' नावाचा दाखला लागतो. बिननावाच्या डब्याला तो नसतो, म्हणून वर्गणी भरूनही चित्र अंधूकच. आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने जाहीर इशारा दिला की अशा प्रमाणपत्र नसलेल्या अनेक डब्यांत 'बॅडबॉक्स' नावाचे घातक सॉफ्टवेअर कधी कारखान्यातूनच, तर कधी बाहेरचे अॅप टाकताना शिरलेले असते. मग आपल्या घरचे इंटरनेट वापरून दुसराच कोणी चोऱ्या करतो. म्हणजे फुकटाच्या नावाखाली आपल्या घराची किल्ली परक्याच्या हातात. ताईंच्या मनातली 'दोन-तीन हजाराची काडी' नेमकी कोणती, हे आम्ही म्हणूनच विचारून घेतले. ती निघाली अशीच बिननावाची. तेव्हा मुलाइतकेच ताईंनाही सांगावे लागले, "ताई, तुमचीही वाट चुकीचीच आहे. स्वस्त घ्या, पण नाव, बिल आणि हमीपत्र असलेले घ्या."

आता हप्त्याबद्दल. मुलाला सहा हजार हप्त्याने द्यायचे होते, 'शून्य टक्के व्याज' असे लिहिलेल्या योजनेत. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज कुठेतरी लपलेले असते. कधी सुटलेल्या सवलतीत, कधी प्रक्रिया शुल्कात आणि त्यावरच्या १८ टक्के जीएसटीत. रोख घेतले तर किती आणि हप्त्याने एकूण किती, हे दोन आकडे कागदावर लिहून मागावेत. आणि मनोरंजनासाठी कर्ज काढू नये, हे आमचे मत आहे. एक हप्ता चुकला की दंड लागतो आणि पुढे शिक्षणासाठी कर्ज मागताना ती चूक बँकेला दिसते. बहीण बारावीला असलेल्या घराने तर हा धोका पत्करूच नये.

मग महाग डबा कोणीच घेऊ नये काय? असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्याकडे मोठा फोर-के टीव्ही आहे, घरात चांगले ब्रॉडबँड आहे, कुटुंबात आयफोन वापरतात, आणि पैसे रोख आहेत, त्यांनी जरूर घ्यावा. सात-आठ वर्षे तो साथ देईल. पण टीव्ही साधा आणि डबा राजाचा, ही जोडी जमत नाही.

हे सगळे झाल्यावर मुलगा बराच वेळ वहीकडे पाहत बसला. आम्हीच म्हटले, "बाबू, तुझा प्रश्न खरा आहे. आपण नेहमी स्वस्तातलेच का घ्यायचे? घेऊ नये. पण किंमत मोठी म्हणून वस्तू चांगली ठरत नाही. जी आपल्या घरात पूर्ण कामाला येते ती चांगली. ज्या डब्याची अर्धी ताकद तुझ्या पडद्यावर दिसणारच नाही, त्याचे पूर्ण पैसे देणे यात मान कुठला?"

तो म्हणाला, "आणि काका, स्लो चालली तर? लोक हसतील."

प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही मधला मार्ग सुचवला. खालच्या स्टिकची मेमरी १ जीबी, तर मधल्या पायरीच्या फोर-के स्टिकची दीड ते दोन जीबी. फोर-के चित्र त्याच्या टीव्हीवर दिसणार नाही, पण त्या जास्तीच्या मेमरीने यंत्र चपळ चालेल, आणि पुढे कधी मोठा टीव्ही आला तर तेव्हाही उपयोगी पडेल. हजार-दीड हजार जास्त देणे इथे आम्हाला योग्य वाटले.

दोन दिवसांनी मुलाने ओळखीच्या कंपनीची साडेपाच हजारांची स्टिक रोखीने, बिलासह आणली. उरलेल्या साडेतीन हजारांतून ब्रॉडबँडचे सात महिने निघतात, म्हणजे बहिणीची परीक्षा होईपर्यंत चिंता नाही. स्टिक लावायला आम्ही गेलो. धाकटी एवढे दिवस मोबाइलच्या टीचभर पडद्यावर रसायनशास्त्राचे पाठ पाहत होती. डोके दुखते म्हणायची, पण या वादात तिला कोणी विचारले नव्हते, आम्हीसुद्धा नाही. तिने मोठ्या पडद्यावर पहिला पाठ लावला, तेव्हा मागच्या ओळीतले सूत्रही दिसते म्हणाली. मुलानेच मग वेळापत्रक लिहून भिंतीला चिकटवले. सकाळी सहा ते आठ बहीण, दुपारी आजी, रात्री सगळे. नागपुरातून चालणाऱ्या आवाज इंडिया आणि लॉर्ड बुद्धा या वाहिन्या यूट्यूबवर पाहता येतात, हे कळल्यावर आजी म्हणाल्या, "म्हणजे यंदा अशोक विजयादशमीले मी घरूनच दीक्षाभूमी पाहीन."

जाता जाता मुलगा आम्हाला म्हणाला, "काका, तो डबा मी घेईनच. पण आधी टीव्ही मोठा घेतो." आम्ही म्हटले, "जरूर घे. बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. पैसे रोख जमव, निवडायला आम्ही सोबत येतो."

शेवटी वाचकांसाठी थोडक्यात काही गोष्टी. घेताना छापील खोडलेली किंमत पाहू नये, हातात पडणारी किंमत पाहावी. सणाच्या सवलतीत या वस्तू स्वस्त होतात, घाई नसेल तर थांबावे. पक्के बिल आणि हमीपत्र जपून ठेवावे. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आपल्या नागपूरचा उन्हाळा ध्यानात घेऊन स्टिक टीव्हीच्या मागे गरम हवेत कोंडू नये, सोबत आलेली छोटी जोडवायर लावून ती मोकळी सोडावी. वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेण्यापेक्षा तिच्या स्वतःच्या अॅडॉप्टरने द्यावी. लहान मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करावे आणि खरेदीला पिन लावावा, म्हणजे रिमोटच्या एका बटणाने खात्यातले पैसे जाणार नाहीत. आणि घेण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः जो गप्प बसला आहे त्याला, विचारावे की तुला त्यावर काय पाहायचे आहे?

पुढच्या खेपेला आपण वह्या-पुस्तकांच्या खर्चाचा हिशेब मांडू. तोपर्यंत जयभीम.